बैठकीला येणारी तिसरी बाई

लिएपाच्या दप्तरात, अर्धवट खाल्लेल्या डब्याखाली, ते पत्र चार दिवस पडून होतं. सोमवारी संध्याकाळी नेरिंगा डबा धुवायला काढायला गेली तेव्हा ते हाताला लागलं. कोपऱ्याला तपकिरी चीज चिकटलं होतं. सिंकपाशी उभी राहूनच ती वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली.

नॉर्वेत येऊन चार वर्षं झाली होती. मासळीच्या कारखान्यात चालेल एवढी भाषा तिला येत होती, सरकारी कागद मात्र अजून जड जायचे. हे पत्र सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच तिला धडकी भरली. लिएपाबद्दल शाळेला काळजी वाटते आहे. आईवडिलांनी बुधवारी दुपारी दोन वाजता यावं. बैठकीला वर्गशिक्षिका असेल, शाळेची नर्स असेल, आणि बालकल्याण कार्यालयातली एक बाई असेल.

'काळजी' हा शब्द दोनदा आला होता. ती तिसरी बाई कशाला येणार, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तिने पत्राची घडी घालून एप्रनच्या खिशात टाकली. बाहेरच्या खोलीत अर्विदास सोफ्यावर पडून लिएपाला नॉर्वेजियन गोष्ट वाचून दाखवत होता आणि उच्चार चुकले की ती खदखदून हसत होती. नेरिंगाने नवऱ्याला पत्राबद्दल काही सांगितलं नाही. तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं. "अगं, इथली माणसं सरळ असतात. बोलावलंय तर जाऊ या, ऐकू या."

या एका गोष्टीवरून त्यांच्या घरात कायम वाद होता. अर्विदास जहाजबांधणीच्या धक्क्यावर वेल्डर होता, आणि नॉर्वे म्हटलं की त्याचं तोंड थकत नसे. इथे चार वाजले की काम संपतं. इथे साहेब आपल्याच टेबलावर बसून तसलाच पाव खातो. पोरगी आजारी पडली तर बापाला सुटी मिळते आणि वर कुणी तोंड वाकडं करत नाही. लिथुआनियात, शिलुतेला, मुकादम त्याला आईवरून शिव्या घालायचा आणि पगार पुढच्या महिन्यावर ढकलायचा.

"तिथल्या टोमॅटोला चव तरी होती," नेरिंगा म्हणायची.

"टोमॅटोवर संसार चालतो का?"

"आणि तिथे मी बालवाडीत गाणं शिकवत होते. इथे सामन माशांची आतडी काढते."

यावर तो विषय बदलायचा. कारण ते खरं होतं.

पण तिची खरी तक्रार टोमॅटोची नव्हती आणि आतड्यांचीही नव्हती. शिलुतेत कुणाचं काही बिनसलं की तो ओरडायचा. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, बस ड्रायव्हर ओरडायचा, बालवाडीची मुख्याध्यापिका तर सगळ्यांसमोर ओरडायची. माणूस कुठे उभा आहे ते कळायचं. स्कार्व्हॉयच्या या बेटावर कुणी आवाज चढवतच नाही. सगळे हसून, हळू बोलतात. त्यामुळे कोण आपल्यावर रागावलंय, कधीपासून, कशासाठी, काही म्हणजे काही समजत नाही. कुणी कुणाला अहो-जाहोसुद्धा करत नाही. शिक्षिका पहिल्या भेटीत "मी मारित" म्हणाली आणि पोरीसारखी गालात हसली. अशा बाईला घाबरायचं की नाही, हे ठरवता आलं नाही तर माणूस जास्तच घाबरतो.

शिवाय एक गोष्ट घडून गेली होती. तीन आठवड्यांपूर्वी दुकानाबाहेर, गाड्या लावतात तिथे, लिएपा तिचा हात सोडून पळाली होती. समोरून बर्फाच्या पेट्यांचा ट्रक मागे मागे येत होता. नेरिंगा जिवाच्या आकांताने ओरडली, "लिएपा! थांब!" पोरीने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ट्रक हातभर अंतरावर थांबला. नेरिंगाने धावत जाऊन तिला ओढलं आणि फाडकन तिच्या गालात दिली. वर्षभर हेच चाललं होतं. हाक मारावी, पोरीने ऐकून न ऐकल्यासारखं करावं. शेवटी आईचं डोकं फिरलं.

नंतर तिने वर पाहिलं, तर लाल जाकिटातली एक बाई सामानाची पिशवी धरून उभी होती. पिशवी गाडीत ठेवली, एकदा लिएपाच्या गालाकडे पाहिलं आणि निघून गेली.

मंगळवारी कारखान्यात, कपडे बदलायच्या खोलीत, नेरिंगाने ते पत्र दांगुओलेला दाखवलं. दांगुओले पन्नाशीची, गावाकडचीच, नॉर्वेत अकरा वर्षं काढलेली. बेटावरच्या सगळ्या लिथुआनियन बायका अडीअडचणीला तिच्याकडे जायच्या. तिने चष्मा चढवून पत्र वाचलं आणि रबरी बूट घालायचे तसेच हातात राहिले.

"मारलंस का कधी?"

नेरिंगाने मान खाली घातली.

"कुणी बघितलं?"

"एका बाईने."

"मग झालं तर." दांगुओलेने आवाज खाली आणला. "पोरी, इथे 'काळजी वाटते' म्हणाले ना, की समजून जायचं. पलीकडच्या खाडीत ते पोलिश कुटुंब होतं ना? दोन बायका आल्या, हसत हसत आल्या, कॉफी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी आई शाळेत पोरांना आणायला गेली तर पोरं गायब. कुठल्या घरी ठेवलीत तेसुद्धा सांगत नाहीत."

"खरंच?"

"मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं."

"मग काय करू मी?"

"बैठकीला बसलीस की तुझ्या हातात काही उरत नाही. त्याआधी जे करायचं ते कर." दांगुओलेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वीडनच्या कार्ल्सहाम्न बंदरातून आपल्याकडे रोज जहाज सुटतं. स्वीडनच्या हद्दीत शिरलीस की सुटलीस. आणि अर्विदासला सांगू नकोस. तो फार भोळा आहे गं. जाऊन सगळं कबूल करून बसेल."

त्या दिवशी नेरिंगाने किती मासे कापले, तिला आठवत नाही. सुरी हातातून दोनदा सुटली.

बुधवारी सकाळी अर्विदास धक्क्यावर निघून गेला. तो सहकाऱ्याच्या गाडीतून जायचा, त्यामुळे आपली गाडी दारातच होती. खिडकीतून सहकाऱ्याच्या गाडीचे दिवे वळणाआड जाईपर्यंत तिने पाहिलं. मग पासपोर्ट, लिएपाचे दोन स्वेटर, काळा पाव, चीज आणि चहाचा थर्मास पिशवीत कोंबला. चिठ्ठी लिहायला बसली, पण "अर्विदास" एवढंच लिहून पुढे हात चालेना. तो कागद तिने चुरगळून खिशात टाकला.

"शाळेत नाही जायचं?" लिएपाने विचारलं.

"आज आजीकडे जायचं."

"आजीकडे? बाबा?"

"बाबा मागून येतील."

पोरगी साडेसहा वर्षांची. तिला एवढं पुरलं. मागच्या सीटवर उशी घेऊन ती बसली आणि बोटांनी काचेवर चित्रं काढायला लागली.

पूल ओलांडून बेट मागे पडलं तरी नेरिंगाचं लक्ष आरशातच होतं. मागे एखादी गाडी दिसली की ती वेग कमी करायची, गाडी पुढे गेली की वाढवायची. पेट्रोल भरताना पैसे द्यायला आत गेली, तर काउंटरवरच्या पोराने तिच्याकडे दोन क्षण जास्त पाहिलं असं तिला वाटलं. तिने लिएपाची टोपी कपाळापर्यंत खाली ओढली.

अकराच्या सुमारास ती घाटाच्या पायथ्याशी पोचली आणि तिने ब्रेक दाबला. रस्त्यावर आडवा दांडा टाकलेला. वर वादळ होतं. सुट्या गाड्यांना माथ्यावर सोडत नव्हते, पुढे बर्फ सारणारी गाडी आणि मागे रांगेने सगळे, असा ताफा करून नेणार होते. पंधरा-वीस गाड्या थांबल्या होत्या आणि पिवळ्या जाकिटातला एक दाढीवाला माणूस प्रत्येक खिडकीशी जाऊन, वहीत काहीतरी लिहून घेत पुढे येत होता.

वही पाहून गाडी मागे वळवावी म्हटलं तर मागे ट्रक येऊन उभा राहिला होता.

दाढीवाल्याने काचेवर टकटक केली. "किती जणं?"

"दोन."

"टाकी भरलेली आहे? उबदार कपडे? खायला?"

"आहे. सगळं आहे."

"पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. ताफा थांबला तर गाडीतून उतरायचं नाही. पण जास्त वेळ थांबलो आणि इंजिन चालू असलं, तर मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजत नाही ना ते बघायचं. धूर आत भरतो आणि वास येत नाही. पोरं आधी गुंगतात." मग वाकून त्याने मागे पाहिलं. "काय गं, भीती वाटते का?"

लिएपा खिडकीबाहेर बघत होती. तिने उत्तर दिलं नाही.

"ए छोटी!"

तरी नाही. दाढीवाल्याने एकदा पोरीकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. घाबरलेलं, मार खाल्लेलं लेकरू असंच मुकं बसतं, असं तो मनात म्हणत असणार.

"लाजाळू आहे," ती कशीबशी म्हणाली.

त्याने गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला आणि पुढे गेला.

माथ्यावर गेल्यावर आकाश आणि जमीन एक झाली. समोरच्या गाडीचे दोन लाल ठिपके, बाकी सगळं पांढरं. वारा गाडीला बाजूने धक्के देत होता. नेरिंगा स्टिअरिंगला बिलगून, डोळे ताणून ते ठिपके धरून चालली होती. एकदा ते विझल्यासारखे झाले आणि ती किंचाळली, तेवढ्यात ते अगदी पुढ्यात आले. ताफा थांबला होता.

पाच मिनिटं गेली. दहा. पुढे कुणीतरी रुतलं असावं. फोनला रेंज नव्हती. काचा बर्फाने भरल्या आणि गाडीत अंधारल्यासारखं झालं. इंजिन बंद करावं तर गारठा, चालू ठेवावं तर धूर. दाढीवाल्याचं बोलणं तिच्या डोक्यात घोळायला लागलं. पोरं आधी गुंगतात. तिने नाकाने जोरात श्वास घेऊन पाहिला. वास नव्हता. पण वास येतच नाही म्हणाला होता.

"लिएपा," ती हळूच म्हणाली.

आरशात पोरगी दिसत होती. उजवी बाजू उशीत रुतवून पडलेली, डोळे उघडे.

"लिएपा, झोपलीस का?"

डोळे उघडे, पण हालचाल नाही.

"लिएपा!"

नेरिंगाने पट्टा काढला, दोन सीटांमधून अंग वळवून मागे झेप घेतली आणि पोरीला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. लिएपा दचकून केवढ्याने तरी रडायला लागली.

"हाका मारतेय ना मी तुला! ओ का देत नाहीस?"

"नाही ऐकू आलं!" पोरगी हुंदके देत म्हणाली. "मारू नकोस!"

ते शेवटचे दोन शब्द नेरिंगाला लागले, गालावर बसल्यासारखे. उतरायचं नाही असं बजावलेलं असूनही दार ढकलून ती बाहेर पडली, गाडीला धरून धरून मागे गेली आणि उघड्या बोटांनी पाइपाभोवतीचं बर्फ खरवडून काढलं. परत बसली तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. थोड्या वेळाने लाल ठिपके हलले.

घाट उतरल्यावर पहिल्याच वळणावर प्रवाशांसाठी एक खानावळ होती. तिथे ताफा सुटला. लिएपाला शू लागली होती, भूक लागली होती. नेरिंगाने गाडी थांबवली. आत भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते. तिकडे शाळेत आता त्या तिघी खुर्च्यांवर येऊन बसल्या असतील.

तिने पोरीला गरम कोको घेऊन दिला. घड्याळाकडे पाहायचं नाही म्हणत ती घड्याळाकडेच पाहत राहिली. सव्वादोन झाले. इथे रेंज होती, आणि फोन थरथरायला लागला. अनोळखी नंबर. तिने तो वाजू दिला. पुन्हा तोच नंबर. मग अर्विदास, पाठोपाठ सहा वेळा. मग परत तो अनोळखी. या खेपेला, का कोण जाणे, तिने उचलला.

"मी गुनहिल बोलतेय, बालकल्याण कार्यालयातून," एक शांत आवाज म्हणाला. "आम्ही शाळेत वाट बघत होतो. तुम्ही दोघी ठीक आहात ना? कुठे आहात?"

नेरिंगाने फोन कापला आणि बंदच करून टाकला. त्याच क्षणी खिडकीबाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबली.

विचार करायला वेळ नव्हता. तिने लिएपाचा दंड धरला आणि तिला जवळजवळ उचलूनच संडासात नेलं. आतून कडी लावली. बाहेर जड बुटांचे आवाज आले, खुर्ची सरकली, कुणीतरी काहीतरी विचारलं. तिने पोरीला पोटाशी घट्ट धरलं आणि खाली वाकून तिच्या कानात अगदी हळू म्हणाली, "बोलू नकोस. अजिबात आवाज करायचा नाही."

"काय?" लिएपा मोठ्याने म्हणाली.

"श्श्! गप्प राहा म्हणते ना," ती पुन्हा कानात पुटपुटली.

"आई, त्या कानात नको ना सांगूस. या कानात सांग."

नेरिंगा तशीच वाकलेली राहिली.

"का? त्या कानात का नको?"

पोरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिला कळलं नाही. नेरिंगाने दुसऱ्या बाजूला जाऊन, उजव्या कानात, तेच विचारलं.

"तो ऐकायचा कान नाही," लिएपा म्हणाली. "ऐकायचा हा. तो नुसता असतो." आणि आईचा चेहरा बघून तिने विचारलं, "तुझा कुठला आहे गं ऐकायचा?"

नेरिंगा संडासाच्या झाकणावर बसली. वर्षभराच्या हाका तिला आठवल्या. जेवायला चल, बूट काढ, कितीदा सांगायचं, मुद्दाम करतेस, हट्टी आहेस, आजोबांवर गेलीस. आणि तो ट्रक. पोरगी त्या दिवशी तिच्या उजव्या बाजूला होती. डावा कान आईकडे होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारावर टकटक झाली. "सगळं ठीक आहे ना?" खानावळीची बाई विचारत होती. नेरिंगाने कडी काढली. दोन पोलिस खिडकीपाशी बसून वाफल खात होते. एकाच्या मिशीला जाम लागला होता. त्यांनी वर पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खाण्यात गुंतले. घाटात रुतलेल्या ट्रकसाठी आले होते म्हणे.

तिने फोन चालू केला आणि नवऱ्याला लावला.

"कुठे आहेस तू?" अर्विदासचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "शाळेतून धक्क्यावर फोन आला. घरी आलो तर दोघी नाहीत, गाडी नाही, पासपोर्ट नाहीत! मला वाटलं... काय काय वाटलं मला!"

"घाटापलीकडे. स्वीडनकडे निघाले होते."

"स्वीडन? वेड लागलंय का तुला?"

"ते पोरगी नेणार आहेत, अर्विदास. मी मारलं तिला. दुकानासमोर. एका बाईने बघितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, जाऊ या, ऐकू या."

"म्हणालोच असतो," तो म्हणाला. "त्या बाईला मी सांगितलं की पोरीला ताप आहे, तुम्ही दवाखान्यात गेलाय. चार वर्षांत पहिल्यांदा इथे खोटं बोललो. आता तेही अंगाशी येणार."

"तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"कुणाला?"

"लिएपाला. अजिबात नाही. मी आत्ता बघितलं." आणि मग नेरिंगाला इतका वेळ दाबून धरलेलं रडू फुटलं, मिशीला जाम लागलेल्या पोलिसादेखत.

घाट त्या दिवशी पुन्हा उघडला नाही. खानावळीच्या वरच्या खोलीत तिने रात्र काढली. शिलुतेहून आईचा फोन आला, अर्विदासने कळवलं होतं. आई नेहमीप्रमाणे ओरडतच होती. "परत कशाला जातेस त्या लांडग्यांच्या तोंडात? इथे ये. कौनासला कानाचा डॉक्टर आहे, पैसे टाकले की उद्या तपासतो. तिथे तुला मार्चपर्यंत रांगेत बसवतील!" आणि हे काही खोटं नव्हतं. जहाज दुसऱ्या दिवशीही सुटणार होतं.

सकाळी पहिल्या ताफ्याबरोबर अर्विदास आला, धक्क्यावरच्या मुकादमाची गाडी मागून घेऊन. मुकादमाने काही विचारलंसुद्धा नाही, हे सांगताना नेहमीप्रमाणे "बघ, हा देश कसा आहे" असं तो म्हणाला नाही. लिएपाला उचलून घेतलं आणि तिच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलला. मग डाव्या. मग तिला खाली ठेवून तोंड फिरवलं.

"तू सांगशील तसं," तो म्हणाला. "जहाजावर बसायचं तर मीही बसतो. घर, नोकरी, सगळं सोडून."

"आणि मग? तिथेही कुणी दार वाजवलं की मी पोरीला संडासात कोंबणार?" नेरिंगा म्हणाली. "मला फार भीती वाटते रे. पण परत जाऊ या."

बैठक शुक्रवारी झाली. खोलीत मेणबत्ती लावलेली होती आणि थाळीत बिस्किटं. हसत हसत आल्या, कॉफी प्यायल्या, हे दांगुओलेचे शब्द आठवून नेरिंगाने कपाला हात लावला नाही. मारितने सांगितलं की लिएपा वर्गात एकटी पडते, हाक मारली तर उत्तर देत नाही. नर्सने सांगितलं की शाळेत घेतलेल्या कानाच्या तपासणीत डाव्या बाजूला काहीच नोंद होत नाही, म्हणून तज्ज्ञाकडे पाठवायचं आहे. गुनहिल, ती तिसरी बाई, साठीची, जाड भिंगांच्या चष्म्याची होती. अशा मुलांना शाळेत काय काय मदत मिळू शकते ते सांगायला ती आली होती.

तिथेच सगळं संपलं असतं. पण तिने शेवटी सहज विचारलं, "घरी कसं चाललंय? ती ऐकत नाही म्हणून तुमची फार चिडचिड होत असेल."

अर्विदासने टेबलाखाली बायकोचा हात धरला. तो धरला सांग म्हणून की नको सांगूस म्हणून, हे तिला कळलं नाही.

"मी तिला मारलं," नेरिंगा म्हणाली. "एकदा. गालात. आणि बुधवारी ताप नव्हता. मी पळून चालले होते."

खोलीत कुणी आवाज चढवला नाही. गुनहिलने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि कागदावर लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती.

त्यानंतरचा हिवाळा नेरिंगाने जीव मुठीत धरून काढला. गुनहिल चार वेळा घरी आली. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी नेरिंगा फरशी दोनदा पुसायची आणि नंतर वाटायचं, इतकं चकचकीत बघून त्यांना संशय यायचा. एकदा गुनहिल लिएपाशी खोलीत दार लावून अर्धा तास बोलली. नेरिंगा बाहेर भिंतीला टेकून उभी होती. आतून हसण्याचा आवाज आला, तरी ती तिथून हलली नाही. कारखान्यात दांगुओले तिला टाळायला लागली. "स्वतःच्या तोंडाने सांगितलंस?" एवढंच म्हणाली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन ओळींचं पत्र आलं. चौकशी बंद करण्यात येत आहे. कानाच्या तज्ज्ञाकडे नंबर मात्र खरंच मार्चमध्ये लागला. डावी नस मेलेली होती. कधी, कशाने, ते सांगता येत नाही म्हणाले. उपकरणाने थोडा उपयोग होईल, फार नाही.

ईस्टरला नेरिंगा लिएपाला घेऊन विमानाने शिलुतेला निघाली. आईने कौनासच्या डॉक्टरकडे वेळ घेऊन ठेवली होती आणि नेरिंगालाही त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. अर्विदासला सुटी नव्हती. विमानतळावर त्याने सामान उचलून दिलं, लिएपाच्या टोपीची नाडी बांधली.

"परतीचं तिकीट काढलंयस ना?"

"काढलंय. तूच तर पाहिलंस काल."

"हो. सहज विचारलं."

सुरक्षा तपासणीच्या रांगेतून तिने मागे वळून पाहिलं तर तो काचेला नाक लावून उभा होता.

कौनासच्या डॉक्टरने दुसऱ्याच दिवशी तपासलं आणि नॉर्वेच्या डॉक्टरने सांगितलं तेच सांगितलं, फक्त जोरात ओरडून, जणू आईलाच ऐकू येत नव्हतं. परतताना गाडीत आजी म्हणाली, "मग आता राहा की इथेच. तिथे काय ठेवलंय?"

नेरिंगाने वाजणारा फोन पर्समधून काढला. त्या आठवड्यात अर्विदासचा फोन दिवसातून चार-चार वेळा येत होता. कधी भांडी घासायचा साबण कुठे आहे म्हणून, कधी तिथे पाऊस आहे का म्हणून. प्रत्येक वेळी शेवटी तो जरासा थांबायचा, आणि तो काय विचारायचं टाळतोय ते तिला कळायचं.

रविवारचं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं. लिएपा धावत पुढे गेली. अर्विदास दाराशीच होता. हात गार पडले होते आणि दाढी अर्धवट केलेली.

"केव्हापासून उभा आहेस?" नेरिंगाने विचारलं.

"आत्ताच आलो," तो म्हणाला. पण त्याच्या हातातल्या कागदी कपात कॉफीवर साय धरून ती वाळून गेली होती.